सुटलेला स्पेस मेंटेनर डबीत ठेवू नका

किडलेली दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की आम्ही तिथे स्पेस मेंटेनर बसवतो: शेजारच्या दाढेवर स्टीलची रिंग आणि रिकाम्या जागेत तारेची कडी. खालून येणाऱ्या कायमच्या दाढेची जागा तो राखून ठेवतो, हे तुम्हाला बसवतानाच सांगितलेलं असतं. घोळ होतो तो सुटल्यावर.

रिंगखालचं सिमेंट हळूहळू विरघळतं, त्यात चिक्की किंवा च्युइंगगम, आणि एक दिवस रिंग हातात येते. दुखत काहीच नाही. मग ती डबीत जाते आणि ‘परीक्षा होऊ दे’, ‘दिवाळीच्या सुट्टीत बघू’ करत चार-पाच महिन्यांनी आमच्या टेबलावर येते. तोवर सहाव्या वर्षी आलेली मागची कायमची दाढ पुढे सरकलेली असते. जागा आवळते ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. रिंग दाढेवर चढते, पण कडीला पुढे जागाच उरलेली नसते.

मग पुन्हा माप, पुन्हा लॅब, कधी सरकलेली दाढ मागे ढकलायला प्लेट. ‘एकदा पैसे दिलेत ना?’ असं विचारलं जातं. पण हे काम नवं असतं, लॅबचं बिलही नवं येतं. सुटलेला स्पेस मेंटेनर दोन-तीन दिवसांतच आणलात, तर साफ करून परत चिकटवणं पंधरा मिनिटांचं काम, त्याचे आम्ही काही घेत नाही. अपॉइंटमेंटही नको. फक्त पकडीनं सरळ करू नका आणि फेविक्विक तर अजिबात नको.

अर्धवट सैल रिंग त्याहून वाईट. खाली अन्न अडकून चांगली दाढ किडते. दर तीन महिन्यांनी बोलावतो ते यासाठीच. ती तपासणी सुरुवातीच्या रकमेत धरलेली आहे.

सगळ्यांना स्पेस मेंटेनर लागतो असंही नाही. पुढचा दात लवकर गेला तर बहुधा गरज नसते. नवा दात हिरडीपाशी आलेला एक्स-रेत दिसला, तर आम्हीच ‘नको’ म्हणतो. पण शेवटच्या दुधाच्या दाढेच्या जागी नवी यायला दहा ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणून जमेल तिथे रूट कॅनल आणि कॅप करून दुधाचीच दाढ वाचवा, असा आमचा आग्रह असतो. तिच्यासारखी जागा कुठलीच तार राखत नाही.

नवी दाढ हिरडीतून डोकावली की स्पेस मेंटेनर काढून घ्यायला या. तेव्हा तो तसाच राहिला तर तिचीच वाट अडवतो.