शिंदे, सुशीलकुमार

(४ सप्टेंबर १९४१ – ). महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, आंध्र प्रदेशचे माजी राज्यपाल व भारताचे माजी गृहमंत्री. जन्म सोलापूर येथे एका गरीब दलित कुटुंबात. न्यायालयातील साधी नोकरी व पुढे पोलीस उपनिरीक्षकपद सोडून ते शरद पवार यांच्या आग्रहाने काँग्रेसमध्ये आले आणि १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत पोहोचले.

त्यांच्या राजकारणाची घडण सोलापूरच्या बहुभाषिक वस्तीत झाली. शहराचा व्यवहार मराठीत चालतो. पण पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडील अनेक लिंगायत कुटुंबांत कन्नड, तर मुस्लिम मोहल्ल्यांत उर्दू बोलली जाते. अशा मतदारसंघात एकाच भाषिक समाजाच्या बळावर निवडून येणे अवघड असते. म्हणूनच मतदारसंघ राखीव नसताना, १९९८ व १९९९ मध्ये, शिंदे यांनी लोकसभेच्या निवडणुकीत मिळवलेले विजय त्यांच्या पुढील मोठ्या पदांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत.

२००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत भैरोंसिंह शेखावत यांनी त्यांचा पराभव केला. जानेवारी २००३ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये ते आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले आणि २००६ पासून केंद्रात ऊर्जामंत्री होते.

जुलै २०१२ मध्ये गृहखाते हाती आल्यावर तेलंगणाचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये भाषेच्या आधारावर आंध्र राज्य निर्माण झाले होते आणि १९५६ मध्ये तेलंगण त्याला जोडला गेला होता. आता पाणी, नोकऱ्या व हैदराबाद यांवरून तेलुगू भाषकांचेच दोन प्रांत वेगळे होऊ पाहत होते. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी शिंदे यांनी पुनर्रचना विधेयक लोकसभेत मांडले, तेव्हा विधेयकाला विरोध करणाऱ्या एका खासदाराने सभागृहात मिरपूड फवारली. पाच दिवसांनी, प्रचंड गदारोळात, ते लोकसभेत संमत झाले. सोलापूरच्या असंख्य विणकर कुटुंबांचे मूळ तेलंगणात असल्याने हा निर्णय येथे केवळ दिल्लीची बातमी राहिला नाही.

२ जून २०१४ रोजी नवे राज्य अस्तित्वात आले, तोपर्यंत शिंदे स्वतःच्या मतदारसंघात शरद बनसोडे यांच्याकडून पराभूत झाले होते. २०१९ मध्ये जयसिद्धेश्वर स्वामी यांनी त्यांना हरवले. २०२४ मध्ये त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे येथून निवडून आल्या.