१२४८ सीसी डिझेल : “इंजिन तर एकच आहे” म्हणून पार्ट मागवण्याआधी वाचा

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स-४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटाची व्हिस्टा क्वाड्राजेट, मान्झा, झेस्ट. फियाटची पुंटो, लिनिया. शेवरलेची सेल आणि एन्जॉय. यांपैकी डिझेल गाडी तुमच्याकडे असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. स्वतः वाचा आणि तुमच्या मिस्त्रींनाही दाखवा, कारण पार्टसाठी आमच्या दुकानात फोन बहुतेक वेळा तेच करतात.

आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं : “तेच इंजिन हाय की ओ अण्णा, द्या की कुठलंबी!” म्हणणाऱ्याचं अगदीच चुकत नाही. वरच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं खरोखर एकाच घराण्यातली आहेत. पण चार भावांचं आडनाव एक असलं म्हणून चपलेचं माप एक नसतं. या एका वाक्यामुळे पार्ट जातो, बसत नाही, परत येतो, दुसरा मागवावा लागतो, आणि तोवर गाडी इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडं टाकून मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी राहते. भाड्याची गाडी असेल तर रोजचा धंदा बुडतो तो वेगळाच.

घराणं कुठलं

हे इंजिन फियाटचं. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवायचं आणि तिथून विजेच्या इशाऱ्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडायचं, ही कॉमन रेलची पद्धत मोटारीसाठी वापरण्याजोगी करण्यात फियाटच्या संशोधन केंद्राचा मोठा हात आहे. १९९४ मध्ये फियाटने हे काम पुढच्या उत्पादनासाठी बॉशच्या हवाली केलं आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही गाडी कॉमन रेल घेऊन बाजारात आली. ती इंजिनं १.९ आणि २.४ लिटरची, म्हणजे थोरल्या गाड्यांची होती. लहान गाडीत तेच तंत्र बसवायचं काम पुढे राहिलं होतं.

२००० मध्ये फियाट आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारी केली आणि इंजिनांसाठी एकत्र कंपनी काढली. त्या काळात २००३ मध्ये हे छोटं डिझेल इंजिन आलं. पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथल्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिलिमीटर, एकूण १२४८ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बोअरपेक्षा स्ट्रोक बराच लांब असल्याने कमी आरपीएमला ओढ चांगली मिळते. ‘मल्टिजेट’ हे नाव मिळालं ते एका स्ट्रोकसाठी लागणारं डिझेल एकदम न सोडता पाच हप्त्यांपर्यंत वाटून सोडण्यामुळे. जुन्या डिझेल गाडीची ती खणखण यात कमी झाली ती याच कारणाने. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘इंजिन ऑफ द इयर’ स्पर्धेत १ ते १.४ लिटरच्या गटाचा मान याला मिळाला. त्याच वर्षी फियाट आणि जनरल मोटर्सची फारकत झाली, पण इंजिन दोघांकडेही राहिलं.

मारुतीत इटलीचं इंजिन कसं, हे बरेच जण विचारतात. जनरल मोटर्सची भागीदारी तेव्हा सुझुकीतही होती, म्हणून युरोपातल्या सुझुकीच्या गाड्यांत हे इंजिन आधीच बसलेलं होतं. पुढे परवाना घेऊन मानेसरला त्याचं उत्पादन सुरू झालं आणि जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली. मारुतीने नाव ठेवलं डीडीआयएस. इकडे पुण्याजवळ रांजणगावला टाटा-फियाटच्या कारखान्यात तेच इंजिन बनू लागलं. २००८ मध्ये व्हिस्टात आलं तेव्हा त्याचं नाव क्वाड्राजेट झालं. डिझेल गाड्यांची मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावहूनही इंजिनं घ्यायचं ठरवलं. मोटारींवर लिहिणारी मंडळी याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायची ते उगीच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुरावरचा सरकारी नियम, आकडा मोठा तेवढा कडक) लागू झालं आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून ते गेलं. रस्त्यावरच्या गाड्या मात्र अजून पुष्कळ चालतील, आणि आमचा धंदा त्यांच्यावरच आहे.

मग फरक कुठे पडतो

सगळ्यात मोठा फरक टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप) इंजिनाला साधा टर्बो असतो. स्विफ्ट, रिट्झ, डिझायर यांना हाच. ९० पीएसच्या इंजिनाला व्हीजीटी, म्हणजे आतली पाती फिरवून धुराचा झोत कमीजास्त करणारा टर्बो. एसएक्स-४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मान्झा हे या बाजूचे. लिनियाला सुरुवातीपासून व्हीजीटी होता. पुंटो आणि व्हिस्टात दोन्ही प्रकार आले. त्यामुळे “पुंटोचा टर्बो” एवढ्यावर आम्ही टर्बो काढून देत नाही. व्हीजीटीची पाती काजळीने अडकतात तेव्हा कित्येकदा साफसफाईवर काम भागतं. नवा टर्बो घ्यायच्या आधी जुना आम्हाला दाखवा. त्यात आमचा तोटा आहे, पण पुढच्या वेळी तुम्ही इथेच याल.

दुसरा फरक बीएस-३ आणि बीएस-४ चा, आणि तो आपल्या सोलापूरकरांना जास्त नडतो. १ एप्रिल २०१० ला देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस-४ आधी लागू झालं, त्यांत दिल्ली, मुंबई, पुणे, हैदराबाद यांच्याबरोबर सोलापूरही होतं. उरलेल्या देशात ते टप्प्याटप्प्याने आलं आणि सगळीकडे १ एप्रिल २०१७ ला झालं. याचा अर्थ असा, की २०११ मध्ये सोलापूर शहरात पासिंग झालेली स्विफ्ट बीएस-४ आणि त्याच वर्षी आजूबाजूच्या गावात पासिंग झालेली तशीच स्विफ्ट बीएस-३ असू शकते. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही व्हीडीआय, बोनेट उघडलं तरी चटकन फरक कळत नाही. लातूर, उस्मानाबाद, विजापूर, कलबुर्गीकडून जुनी गाडी आणलेल्या मालकांनी हे खास ध्यानात ठेवावं. एमएच-१३ ची पाटी दिसली म्हणून बीएस-४ धरून चालू नका, पाटी शहराबाहेरच्या गावांनाही मिळत होती. ब्लॉक, पिस्टन, क्रँक यांची फारशी अडचण येत नाही. घोटाळा होतो तो धुराच्या बाजूला, म्हणजे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) यांच्या सेटिंगमध्ये. भंगारातून ईसीएम आणून बसवणाऱ्यांचे फोन आम्हाला बहुतेक संध्याकाळी येतात.

आणखी काही सापळे थोडक्यात. २०१५ नंतरच्या सियाझ आणि अर्टिगावर ‘एसएचव्हीएस’ लिहिलेलं असेल तर आल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर असतो, त्यामुळे पट्टा आणि त्याचा टेन्शनर साध्या गाडीचा चालत नाही. २०१९ च्या अर्टिगा आणि सियाझमध्ये हे १.३ लिटरचं (१२४८ सीसी) आणि सुझुकीचं स्वतःचं १.५ लिटरचं, अशी दोन्ही डिझेल इंजिनं आली आहेत. व्हिस्टा डिझेल सगळ्या क्वाड्राजेट नव्हेत. टीडीआय व्हिस्टात टाटाचं जुनं १४०५ सीसी इंजिन आहे आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. शेवरले बीट डिझेल याच घराण्यातली, बोअर-स्ट्रोकही तोच, पण तीन सिलिंडर आणि ९३६ सीसी. बीटला स्विफ्टचं हेड गॅस्केट मागणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

चेनबद्दल, कारण तोच पार्ट सगळ्यात जास्त जातो

वॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. “चेन म्हणजे बघायला नको” असं शोरूममध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइल बसतं जेमतेम ३ लिटर, म्हणजे घाण साठवायला जागाच कमी. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑइल “पुढच्या आठवड्यात बघू” करत लांबलं की टेन्शनर सुस्त होतो, चेन ढिली पडते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला समोरून दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. तेवढ्यावर गाडी आणली तर काम चेन किटमध्ये निभावतं. आवाज दिवसभर येईपर्यंत थांबलं तर एखादे दिवशी चेन दात सोडते, वॉल्व्ह पिस्टनला भिडतात, रॉकर तुटतात आणि हेड उतरवावं लागतं.

आम्ही सुटी चेन विकत नाही, यावर काही जण नाराज होतात. टेन्शनर आणि गाइड जुने ठेवून नवी चेन टाकली तर ती टिकत नाही आणि तक्रार आमच्याकडे येते. म्हणून पूर्ण किट. शिवाय कव्हर खोलण्याची मजुरी चेनच्या किमतीपेक्षा जड असते. तेच कव्हर वर्षात दोनदा खोलणं कुणालाच परवडत नाही. किट बसवताना कॅम लॉक करायची टूल मिस्त्रींकडे नसेल तर आमच्याकडून अनामत ठेवून घेऊन जा, भाडं घेत नाही. खुणा रंगवून अंदाजाने टायमिंग जुळवण्याचा प्रकार या इंजिनावर कृपया करू नका.

पार्ट मागवताना

फोनवर “स्विफ्ट डिझेल” एवढं सांगू नका. आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. आम्हाला त्यात इंजिन नंबर, बनावटीचा महिना-वर्ष, सीसी आणि असेल तर बीएसची नोंद बघायची असते. सीसी १२४८ नसेल तर इथेच थांबा, गाडी वेगळी आहे. मारुतीच्या गाडीचा इंजिन नंबर ‘डी१३ए’ ने सुरू होतो. आरसीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळतो का, तेही मिस्त्रींना बघायला सांगा. इंजिन बदललेल्या जुन्या गाड्या आपल्या भागात कमी नाहीत, आणि तिथे कागदावरून पार्ट दिला की हमखास चुकतो. टर्बो हवा असेल तर त्यावरच्या पट्टीचा फोटो पाठवा. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट) हवा असेल तर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड वाचता येईल असा फोटो काढा. कोडवाला इंजेक्टर बदलला की नवा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, ते काम आम्ही करून देतो. बाकी पार्टसाठी जुना पार्ट मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला एक फोटो पुरतो.

सेन्सर, ईसीएम, इंजेक्टर असे विजेचे पार्ट एकदा बसवल्यावर परत घेत नाही. कंपनी आमच्याकडून घेत नाही, म्हणून आम्हालाही घेता येत नाही. मात्र फोटो पाहून आम्ही दिलेला पार्ट चुकला तर बदलून देतो आणि जाण्यायेण्याचा खर्च आमचा. फोटो न पाठवता नुसत्या गाडीच्या नावावर नेलेल्या पार्टला ही सोय नाही.

चेन किट, हेड गॅस्केट, इंजिन माउंटिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि ७५ पीएसचे टर्बो बहुतेक वेळा दुकानात तयार असतात. व्हीजीटी टर्बो आणि इंजेक्टर पुण्याहून मागवावे लागतात. फोटो संध्याकाळी पाचच्या आत आला तर ऑर्डर त्याच दिवशी जाते आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालेला पार्ट सकाळी दुकान उघडताना हातात असतो. शनिवारी पाचनंतर आलेल्या फोटोची ऑर्डर सोमवारी जाईल.