मॅमोग्राफी

मॅमोग्राफी म्हणजे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी केलेली स्तनांची तपासणी. तिच्यातून मिळणाऱ्या चित्राला मॅमोग्राम म्हणतात. काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांची ठरावीक अंतराने होते ती स्क्रीनिंग तपासणी. गाठ, स्तनाग्रातून स्राव किंवा त्वचेवर खळी दिसल्यावर होते ती निदानासाठीची. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला, तिथून या तंत्राचा इतिहास सुरू होतो.

तपासणीत प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात, एकदा वरून खाली आणि एकदा तिरका. हा दाब नकोसा वाटतो, काहींना दुखतेही. पण त्याने ऊती पसरतात, चित्र स्वच्छ येते आणि किरणही कमी लागतात. त्या दिवशी काखेत डिओडोरंट किंवा पावडर लावू नये. त्यातले कण चित्रात स्तनात साठलेल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

कॅल्शियमचे ठिपके फार महत्त्वाचे. मोठे, विखुरलेले ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. बारीक, वेडेवाकडे आणि एकाच जागी दाटलेले ठिपके दुग्धनलिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असू शकतात. चित्रात चरबी काळसर दिसते, ग्रंथींची ऊती पांढरी. आणि कर्करोगाची गाठही पांढरीच. त्यामुळे ग्रंथी दाट असलेल्या स्तनात गाठ सहज लपते. अशा वेळी सोनोग्राफी, टोमोसिंथेसिस (वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेऊन स्तन थराथराने दाखवणारी मॅमोग्राफी) किंवा एमआरआयची मदत घेतात. जुने मॅमोग्राम जपून ठेवावेत, नुसता रिपोर्ट नव्हे. दोन वर्षांपूर्वी हा डाग होता का, याचे उत्तर त्यातच मिळते.

रिपोर्टवर बाय-रॅड्स नावाची ० ते ६ अशी श्रेणी असते. सर्वाधिक घबराट शून्याने होते, आणि ती अनाठायी असते: शून्य म्हणजे एवढ्या चित्रांवरून मत देता येत नाही, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी. पुन्हा बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. १ आणि २ मध्ये काळजीचे काही नाही. ३ मध्ये कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नसते, म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ आणि ५ मध्ये बायोप्सी, म्हणजे ऊतीचा छोटा तुकडा काढून तपासणे, सुचवतात. ६ म्हणजे निदान आधीच सिद्ध झालेले.

स्क्रीनिंगने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात, पण ते निर्दोष नाही, आणि हे तपासणीआधीच स्त्रीला सांगायला हवे. काही कर्करोग निसटतात. उलट, आयुष्यभर कधी त्रास न देणारे काही सापडतात आणि त्यांच्यावर उपचार होतात. सुरुवात कधी करावी, याबद्दल म्हणूनच एकमत नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली. बीआरसीए या जनुकातल्या दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, म्हणून तो असलेल्यांना एमआरआयसह लवकर सुरुवात करावी लागते.

मॅमोग्राम स्वच्छ आला तरी हाताला नवी गाठ लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता ती डॉक्टरांना दाखवावी.