लॅब्रॅडॉर प्रजननातील खुब्याची तपासणी

लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचे मेटिंग ठरवण्याआधी नर आणि मादी या दोघांच्याही खुब्याच्या सांध्यांचे ठरावीक पद्धतीने एक्स-रे काढून तज्ज्ञांकडून त्यांची प्रतवारी करून घेण्याची पद्धत. हिप डिस्प्लेशिया हा विकार पुढच्या पिढीत कमी व्हावा, हा तिचा हेतू. ब्रीडर मंडळी तिला ‘हिप स्कोअरिंग’ किंवा नुसतेच ‘हिप्स करून घेणे’ म्हणतात.

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत नेमके बसते आणि तिथेच फिरते. हिप डिस्प्लेशियात हे बसणे बिघडते. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा बहुधा ठीक असतो. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत तो सैल राहतो, डोके वाटीत हलत राहते, वाटी उथळ होते, कडा झिजतात आणि शेवटी संधिवात जडतो. लॅबसारख्या झपाट्याने वजन घेणाऱ्या जातीत हे जास्त दिसते. लक्षणे दिसलीच तर ती अशी: पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकणे, बसल्या जागेवरून उठताना पुढच्या पायांवर सगळा भार घेणे, गाडीत उडी मारायची टाळाटाळ करणे. पण पुष्कळ कुत्री यातले काहीच दाखवत नाहीत. ‘आमचा ब्रूनो दिवसभर चेंडूमागे धावतो, त्याला काय झालंय?’ हे वाक्य तपासणी टाळणाऱ्या प्रत्येक मालकाच्या तोंडी असते. लॅब हा मुळातच दुखणे अंगावर काढणारा आणि चेंडू दिसला की सगळे विसरणारा प्राणी. त्याच्या चालीवरून सांध्याची पारख होत नाही, म्हणूनच एक्स-रे.

कुत्र्यांमधल्या या विकाराचे वर्णन अमेरिकन पशुवैद्य श्नेल यांनी १९३५ मध्ये केले. त्याला संघटित उत्तर मिळायला तीस वर्षे लागली आणि त्यात लॅब्रॅडॉरचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतले उद्योगपती जॉन ऑलिन हे शिकारी लॅबचे नामांकित शौकीन. त्यांच्या नायलो केनेलमधल्या किंग बक या काळ्या लॅबने १९५२ आणि १९५३ अशी सलग दोन वर्षे तिथली राष्ट्रीय रिट्रीव्हर स्पर्धा जिंकली होती. १९५९ च्या अमेरिकन बदक-तिकिटावर, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घ्याव्या लागणाऱ्या सरकारी तिकिटावर, त्याचे चित्रही आले. उमेदीची कुत्री खुब्यापायी बाद होताना पाहून ऑलिन यांनी पशुवैद्य आणि श्वानसंघटनांना एकत्र आणले आणि १९६६ मध्ये ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स, म्हणजे ओएफए, ही संस्था उभी राहिली.

एक्स-रे कसा काढतात

कुत्र्याला गुंगी किंवा भूल देऊन टेबलावर उताणे निजवतात. मागचे दोन्ही पाय सरळ मागे ताणून समांतर धरतात आणि गुडघे किंचित आत वळवतात, म्हणजे गुडघ्याच्या वाट्या बरोबर मध्यभागी येतात. कंबर जराशी जरी एका बाजूला कलली, तरी फिल्मवर एक वाटी खोल आणि दुसरी उथळ दिसते आणि चांगल्या कुत्र्याला विनाकारण वाईट शेरा मिळतो. जाणकार डॉक्टर फिल्म हातात घेतल्यावर आधी सांधा पाहत नाहीत; कमरेच्या हाडातली दोन भोके सारख्या आकाराची आली आहेत का, हे पाहतात. आली नसतील तर एक्स-रे पुन्हा. मायक्रोचिपचा किंवा नोंदणीचा क्रमांक, तारीख आणि डावी-उजवी बाजू फिल्मवरच उमटलेली असावी लागते. मागाहून पेनाने लिहिलेले चालत नाही, कारण एका कुत्र्याचे खुबे दुसऱ्याच्या नावावर खपवण्याचा मोह जुना आहे. मादी माजावर असताना किंवा गाभण असताना हा एक्स-रे टाळतात. त्या दिवसांत संप्रेरकांमुळे सांधे सैल दिसू शकतात.

प्रतवारी

ओएफएकडे आलेली प्रत्येक फिल्म तीन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे पाहतात आणि एक्सलंट, गुड, फेअर, बॉर्डरलाइन, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशा सात श्रेण्यांपैकी एक देतात. पहिल्या तीन श्रेण्या उत्तीर्ण. कायम प्रमाणपत्रासाठी कुत्रे २४ महिन्यांचे पूर्ण झालेले हवे. त्याआधीचा निकाल प्राथमिक धरला जातो. युरोपातल्या एफसीआय (आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना) पद्धतीत ए ते ई अशा पाच श्रेण्या आहेत. तिथे नॉरबर्ग कोनाला महत्त्व आहे. मांडीच्या दोन्ही हाडांच्या डोक्यांचे मध्य जोडणारी रेषा काढायची, त्याच मध्यापासून वाटीच्या पुढच्या कडेपर्यंत दुसरी रेषा काढायची आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. तो १०५ अंश किंवा जास्त भरला तर सांधा नीट बसलेला मानतात.

ब्रिटनची पद्धत सर्वांत बारकाईची आहे. ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशन आणि केनेल क्लब यांच्या संयुक्त योजनेत प्रत्येक खुब्याच्या नऊ बाबी तपासून दोषांना गुण देतात. आठ बाबींना ० ते ६, एकीला ० ते ५. एका खुब्याचे जास्तीत जास्त ५३, दोन्हींचे १०६. गुण जितके कमी तितका सांधा चांगला. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची सवय असलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. कुत्रे किमान एक वर्षाचे असावे लागते. जातीचा मध्यक, म्हणजे सगळ्यांचे गुण क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, जो असेल त्यापेक्षा कमी गुणांची कुत्री प्रजननाला निवडावीत, असा योजनेचा सल्ला आहे.

नुसती बेरीज मात्र फसवी असते. एकूण १० गुण असलेल्या दोन माद्या घ्या. एकीचे डावे-उजवे ५ आणि ५, दुसरीचे ० आणि १०. बेरीज तीच, पण दुसरीचा एक खुबा निर्दोष आहे आणि दुसऱ्यात काहीतरी बिघडले आहे. जाहिरातीत ‘हिप स्कोअर १०’ एवढेच छापलेले असेल, तर दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे मागून घ्यावेत.

या सगळ्या पद्धतींवरचा मुख्य आक्षेप पाय ताणण्यावर आहे. ओला पंचा पिळला की आक्रसतो, तसे पाय मागे ताणले की सांध्याभोवतीचे आवरण पिळले जाते आणि सैल डोकेही वाटीत ओढले जाते. ज्या सैलपणाचा शोध घ्यायचा तोच झाकला जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले गेल स्मिथ यांनी १९८३ पासून विकसित केलेल्या पेनहिप पद्धतीत म्हणून तीन एक्स-रे काढतात. त्यांतल्या एकात मांड्यांच्या मध्ये साधन ठेवून डोकी हळूच बाहेर ढकलतात आणि ती किती सरकली यावरून ० ते १ दरम्यानचा निर्देशांक काढतात. ०.३० किंवा कमी म्हणजे सांधा घट्ट. ही तपासणी १६ आठवड्यांच्या पिल्लावरही होते. पिल्लू पुढे प्रजननासाठी ठेवायचे की नाही, हे ठरवायला दोन वर्षे थांबावे लागत नाही. ४३९ कुत्र्यांच्या एका अभ्यासात ओएफएच्या निकषांनी निर्दोष ठरलेल्यांपैकी ८० टक्क्यांचा निर्देशांक ०.३० किंवा त्याहून अधिक निघाला. अभ्यास पेनहिपच्या माहेरचाच होता, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. तरीही ‘एक्सलंट’ म्हणजे अभेद्य कवच नव्हे, एवढे त्यातून कळते.

गुण, रक्त आणि खाणे

हिप डिस्प्लेशिया एका जनुकाने होत नाही; अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात. त्यामुळे गालाच्या आतून काडी फिरवून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारी एकच डीएनए चाचणी या विकाराला नाही. लॅबच्या खुब्यांमधल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग आनुवंशिकतेतून येतो, असा ब्रिटनमधल्या नोंदींवरचा अंदाज आहे. बाकीचा वाढीच्या काळातल्या परिस्थितीचा. म्हणजे उत्तम खुब्यांच्या जोडीलाही एखादे अधू पिल्लू होऊ शकते आणि मध्यम गुणांच्या कुत्र्याची सगळी भावंडे सुरेख निघू शकतात. स्वतःच्या एक्स-रेपेक्षा घराणे अधिक बोलते. आई-वडील, सख्खी-सावत्र भावंडे आणि आधीची पिल्ले या सर्वांचे गुण एकत्र करून काढलेले अनुमानित प्रजननमूल्य ब्रिटनमध्ये २०१४ पासून मालकांना पाहायला मिळते. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या सीइंग आय या अमेरिकन संस्थेने अशी मूल्ये वापरून निवड केली, तेव्हा पाचपेक्षा कमी पिढ्यांत सुमार खुब्यांच्या लॅबचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. त्यांना ते जमले यात एक मेख आहे: सगळी कुत्री संस्थेच्याच हाताखालची, सगळ्यांची तपासणी सक्तीची. घरोघरच्या ब्रीडरांचे तसे नसते. वाईट दिसणारा एक्स-रे पाठवलाच जात नाही, आणि मग जाहीर आकडेवारी प्रत्यक्षापेक्षा देखणी दिसते.

खाण्याचा परिणाम लॅबवरच सर्वांत नीट मोजला गेला आहे. प्युरिना या श्वानखाद्य कंपनीच्या प्रयोगात ४८ लॅब पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले. कमी खाणाऱ्यांत हिप डिस्प्लेशिया कमी आढळला, संधिवात उशिरा आला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे मध्यक आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षे भरले. नॉर्वेतल्या एका अभ्यासात लॅबसह चार मोठ्या जातींची पिल्ले पाहिली गेली. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्यांत विकार जास्त आणि मोकळ्या जमिनीवर बागडणाऱ्यांत कमी दिसला. आपल्याकडच्या फ्लॅटमधली पॉलिश केलेली फरशी पिल्लाचे मागचे पाय फाकवते. तिथे चटई अंथरायला डॉक्टर सांगतात ते उगीच नाही. गुटगुटीत लॅब पिल्लाचे कौतुक करणाऱ्या आजीला हे पटवणे मात्र डॉक्टरांनाही जड जाते.

भारतातली स्थिती

पुण्या-मुंबईत लॅबचे पिल्लू विकताना ‘केसीआय पेपर’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे हे कागद वंशावळ सांगतात. खुबे कसे आहेत ते त्यांवरून कळत नाही. ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ ही तर निव्वळ बाजारातली भाषा. जड हाडाचे, थोराड पिल्लू म्हणजे सांध्यावर अधिक भार. पिल्लू पाहायला जाणाऱ्याने आई आणि बाप दोघांच्याही खुब्यांचा अहवाल मागावा आणि त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक समोरच्या कुत्रीशी स्कॅनरने ताडून पाहावा. बाप बहुतेकदा दुसऱ्याच गावी असतो, म्हणून त्याचा अहवाल हमखास ‘नंतर पाठवतो’ यात अडकतो.

कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसंबंधी केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार मादी किमान १८ महिन्यांची आणि पशुवैद्याने निरोगी ठरवलेली असावी लागते. ओएफएचे कायम प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच मिळते, हे पाहता कायद्याच्या पहिल्याच मुहूर्तावर मेटिंग झालेल्या मादीकडे ते असणे शक्यच नसते.