मांजर ओकलं म्हणजे पोट साफ झालं, असं नसतं हो

आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारात अजूनही सगळे हेच सांगतात, मांजर गवत खाऊन ओकतं, पोट साफ करतं, वरून वाटीभर दूध द्या की झालं. मीही हेच ऐकत मोठी झाले, पण हे चुकीचं आहे. कधीतरी केसांचा ओला लांबट गोळा पडला आणि मनी लगेच खेळायला लागली तर ठीक, अंग चाटताना गिळलेले केस असतात ते. पण दर आठवड्याला ओकतेय तर किडनी, थायरॉइड, आतड्याची सूज, काहीही निघू शकतं. आणि दूध नकोच, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात ते वेगळेच.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, तर फार जपा हो. गच्चीवर, जिन्यात मांजा पडलेला असतो, मांजर खेळता खेळता गिळतं, एक टोक जिभेखाली अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात. तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तरी ओढायचा नाही म्हणजे नाही, आतडं चिरू शकतं, सरळ डॉक्टरकडे न्या.

एकदाच ओकली आणि बाकी ठणठणीत असेल तर दोन-तीन तासांनी थोडंसं नेहमीचंच खाणं द्या, पाणी समोर असू द्या. रक्त दिसलं, मलूल पडली, पाणीही टिकत नाही किंवा २४ तास खाल्लं नाही तर थांबू नका, उपाशी राहून लठ्ठ मांजरीचं लिव्हर बिघडतं. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.