मनगटाच्या दुखण्याला चुंबकाचा पट्टा: खरंखोटं पारखायची टेस्ट आली कुठनं

निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका, बेळगावच्या वडगाव-शहापुरातले मागावर कापड विणणारे, ह्यांना रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणं नवीन नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की जरा बरं वाटतं. मनगटातल्या अरुंद जागेत मीडियन नस दाबली जाते, त्याला डॉक्टर कार्पल टनेल म्हणतात. मग कोणीतरी चुंबकाचा पट्टा आणून देतं, आणि तो घालून बरं वाटलं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, खरी अडचण तिथंच आहे: बरं वाटलं ते चुंबकानं की नुसत्या समजुतीनं, हे कळायचं कसं?

ही अडचण जुनी. १७७० च्या दशकात व्हिएन्नात मेस्मर नावाचा डॉक्टर पेशंटच्या अंगावर चुंबक लावायचा, पुढं तो म्हणायला लागला की चुंबकाचीही गरज नाही, शक्ती माझ्यातच आहे, आणि पॅरिसात त्याच्या दारात गर्दी झाली. १७८४ साली सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधले. कळू न देता मेस्मरचा उपचार केला तर काहीच होईना, आणि काही न करता नुसतं 'केलंय' म्हटलं तर त्या उपचारात यायचे तसे झटके यायचे! आजच्या औषधांच्या टेस्टचं मूळ ह्यात आहे, माझ्या मते मेस्मरपेक्षा हीच गोष्ट शाळेत शिकवायला पाहिजे.

कार्पल टनेल हे दुखणं डॉक्टरांच्या नीट ओळखीचं झालं ते १९५० नंतर, फेलन ह्या अमेरिकन सर्जनमुळं. चुंबकाची टेस्ट त्याच्याही बऱ्याच नंतरची. २००२ साली अमेरिकेत ३० पेशंट घेतले, काहींच्या मनगटाला १००० गॉसचं (गॉस म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) चुंबक, बाकीच्यांना तसंच दिसणारं खोटं, ४५ मिनिटं. दुखणं दोन्हीकडं कमी झालं, फरक काही नाही. २०१० साली ६० जणांना सहा आठवडे रोज रात्री बांधायला दिलं, खऱ्या चुंबकातही कमी ताकदीचं आणि जास्त ताकदीचं असे दोन प्रकार, तरी तेच. रक्तात लोह असतं म्हणून चुंबक रक्त ओढतं असं विकणारे सांगतात, पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं ओढलं जात नाही, तसं असतं तर १५००० गॉसच्या एमआरआय मशीनमध्ये माणूस वाचलाच नसता.

तोवर नस मात्र दाबलेलीच राहते. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन, हे उपाय आहेत, पण फार उशीर झाला की अंगठ्याखालचा मांसल भाग वाळतो, आणि मग ऑपरेशन करूनसुद्धा हातातली पूर्वीची ताकद सगळी परत येईलच असं नाही.