उपवासाचा आहार, कॅथलिक
कॅथलिक चर्चच्या नियमांत उपवास आणि मांसवर्जन ही दोन वेगळी बंधने आहेत. किती आणि किती वेळा खायचे हे उपवासाने ठरते, तर काय खायचे नाही हे मांसवर्जनाने. राखेचा बुधवार (ईस्टरपूर्व उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी ती एकत्र येतात. इतर शुक्रवारी केवळ मांसवर्जन असते आणि त्या दिवशी मोठा सण आला तर तेही उरत नाही. लॅटिन चर्चपुरते, म्हणजे पाश्चात्त्य परंपरेच्या कॅथलिकांपुरते, हे नियम १९८३ च्या धर्मसंहितेत (कलमे १२४९ ते १२५३) दिले आहेत. मांसवर्जन १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होते. उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच कष्टाची कामे करणारे यांना प्रघाताने सूट आहे.

उपवासाला एक पूर्ण जेवण चालते. पोप सहावे पॉल यांच्या १७ फेब्रुवारी १९६६ च्या आदेशानुसार त्याखेरीज सकाळी व संध्याकाळी ‘थोडे अन्न’ घेता येते; ते किती, हे स्थानिक रूढीवर सोडले आहे. दोन अल्पोपाहार मिळून एका जेवणाइतके होऊ नयेत, हे बहुतेकांना माहीत असलेले माप मूळ आदेशात नाही, ते नंतरच्या व्यवहारातले आहे. जुन्या नीतिग्रंथांत मापे याहून काटेकोर होती: सकाळी दोन औंस (सु. ५७ ग्रॅम), संध्याकाळी आठ औंस (सु. २२७ ग्रॅम).

प्राचीन काळी उपवासाचे जेवण सूर्यास्तानंतर होत असे. तेराव्या शतकात धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस नवव्या तासाची, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराची वेळ सांगतात. पुढे ती दुपारपर्यंत अलीकडे आली आणि संध्याकाळच्या भुकेसाठी अल्पोपाहार रूढ झाला. जेवण सायंप्रार्थनेनंतरच घ्यायचे हा संकेत मात्र कोणी मोडला नाही. त्याऐवजी उपवासकाळात सायंप्रार्थनाच दुपारपूर्वी म्हटली जाऊ लागली, आणि ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली.

पेयांचा प्रश्न सर्वांत अधिक चर्चिला गेला. ‘द्रवाने उपवास मोडत नाही’ हे सूत्र नीतिशास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केले. त्याला आधार बहुधा अक्वायनस यांच्याच विवेचनाचा. त्यांच्या मते पेय मुख्यतः तहान भागवण्यासाठी आणि अन्न पचावे म्हणून घेतले जाते, त्याने काही पोषण होत असले तरी. त्यामुळे ते अनेकदा घेतले तरी चालते, पण अतिरेक केल्यास उपवासाचे पुण्य जाते. पचनासाठी घेतलेल्या गोड औषधी अवलेहांनाही ते हीच सवलत देतात, मात्र कोणी लबाडीने अन्न म्हणून ते भरपूर खाल्ले तर नाही. या हिशेबाने पाणी, चहा, कॉफी, वाइन आणि बिअर चालतात. दूध जुन्या ग्रंथकारांनी पेयापेक्षा अन्नातच धरले. कॉफीतल्या थोड्या दुधाला मात्र हरकत घेतली नाही.

या सूत्राची खरी कसोटी चॉकलेटने पाहिली. नव्या जगातून, म्हणजे अमेरिकेतून, आलेले हे दाट, पोटभरीचे पेय अन्न की पेय, यावर सतराव्या शतकात बराच वाद झाला. आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने १६३६ मध्ये माद्रिदला याच प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ छापला. कार्डिनल फ्रान्चेस्को मारिया ब्रांकाच्चो याने १६६४ मध्ये लॅटिनमध्ये चॉकलेटच्या बाजूने निर्णय दिला: पोषण तर वाइननेही होते, म्हणून ती अन्न ठरत नाही. पोप पाचवे पायस यांनी ते चाखून पूर्वीच परवानगी दिली होती, ही कथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ती आख्यायिका मानणे बरे. पाण्यातले चॉकलेट चालते, दूध-अंडी घातलेले नाही, हा मध्यममार्ग सूत्राशी अधिक जुळतो.

मांस कशाला म्हणायचे, हाही प्रश्न सोपा नव्हता. अक्वायनस जमिनीवर राहणाऱ्या, श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे मांस निषिद्ध ठरवतात. मासे, शिंपल्यांतले जीव, बेडूक आणि कासव चालतात. बार्नॅकल हंस समुद्रातल्या लाकडावर उगवतो या समजुतीने आयर्लंडच्या काही भागांत धर्माधिकारीही तो उपवासाला खात, असे धर्मगुरू व लेखक जेराल्ड ऑफ वेल्स ११८८ च्या सुमारास लिहितो. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेत पोप तिसरे इनोसंट यांनी त्यावर बंदी घातल्याचे सांगतात. परिषदेच्या ७१ कलमांत ती नाही. तेराव्या शतकातील धर्मपंडित अल्बर्टस मॅग्नसने या हंसांचे मीलन आणि अंडी प्रत्यक्ष पाहून मूळ समजूतच खोडली. व्हेनेझुएलात कॅपिबारा हा पाणथळ जागी राहणारा मोठा कृंतक (उंदरांच्या गटातला प्राणी) ईस्टरपूर्व काळात खातात. न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी २०१० मध्ये सुसरवर्गीय अ‍ॅलिगेटर माशांत गणला जातो असे एका पत्राला उत्तर देताना कळवले.

मांसाचा रस्सा १९१७ च्या संहितेत स्पष्टपणे निषिद्ध होता. १९६६ च्या आदेशात त्याचा उल्लेख नाही. म्हणून तो आता चालतो असे काही भाष्यकार मानतात. उल्लेख गाळणे म्हणजे परवानगी देणे नव्हे, हे मत अधिक सावध आहे. अंडी, दुधाचे पदार्थ आणि प्राणिज चरबीची फोडणी दोन्ही ठिकाणी ग्राह्य आहेत. एकाच जेवणात मांस आणि मासे एकत्र न घेण्याचा नियम पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये ठामपणे मांडला होता. तो १९१७ मध्ये रद्द झाला.

मध्ययुगात दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. यासाठी पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावाचे एक पत्र उद्धृत होई. ते त्यांचेच असण्याबद्दल शंका घेतली जाते. तेल न पिकणाऱ्या उत्तर युरोपात लोण्याची सूट पैसे भरून मिळवावी लागे, आणि रूआँच्या कॅथीड्रलचा पंधराव्या शतकाच्या अखेरचा ‘लोण्याचा मनोरा’ याच पैशांतून उभा राहिला अशी परंपरा आहे. धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्ये या व्यवहारावर कडक टीका केली. झुरिकमध्ये १५२२ च्या उपवासकाळात छापखानदार फ्रोशाउअरच्या घरी काही जणांनी सॉसेज खाल्ले. हजर असलेल्या धर्मसुधारक झ्विंग्लीने स्वतः खाल्ले नाही, पण पुढे त्यांची बाजू घेतली. मासेमारांच्या हितासाठी पोपने शुक्रवारी मासे खायला लावले, ही लोकप्रिय समजूत निराधार आहे. मच्छीमारी वाढावी म्हणून बुधवारी मासे खाण्याचा कायदा इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट शासनाने केला, १५६३ मध्ये.

शुक्रवारच्या मांसवर्जनाऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवण्याची मुभा बिशप परिषदांना आहे. अमेरिकेच्या बिशपांनी १९६६ मध्ये उपवासकाळाबाहेरील शुक्रवारची सक्ती काढली. इंग्लंड व वेल्समध्ये ती सप्टेंबर २०११ पासून पुन्हा आली.

ख्रिस्तशरीर (मिस्सेतील पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वीचा उपवास निराळा आहे. तो पूर्वी मध्यरात्रीपासून असे आणि त्यात पाणीही चालत नसे. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाणी मोकळे केले. १९५७ मध्ये घन अन्न व मद्य यांसाठी तीन तास आणि इतर पेयांसाठी एक तास अशी मुदत ठरली. १९६४ पासून सर्व अन्नपेयांसाठी एकच तास आहे. पाणी आणि औषध केव्हाही चालते.

पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडील विधी पाळणाऱ्या पौर्वात्य कॅथलिक चर्चेसमध्ये १९९० च्या संहितेनुसार (कलम ८८२) प्रत्येक चर्चचा स्वतःचा नियम लागू होतो. बायझंटाईन परंपरेत कडक उपवासाला दूध आणि अंडीही वर्ज्य असतात.